हारू बसत नाई

१६ एप्रिल २०२५, बुधवार

शेजारच्या क्वार्टरची भिंत एका विटेची आहे. मी जरा मोठ्याने बोलले की तिकडच्या टीव्हीचा आवाज लगेच कमी होतो. कॉलनीला फुकटची करमणूक कशाला द्यायची? म्हणून आजपासून लिहून भांडणार आहे. आणि इथे मी नवऱ्याला नावाने लिहीन, अरेतुरे करीन. तोंडावर 'खुशबूचे बाबा' म्हणावं लागतं, तेवढं पुरे.

तर अश्वजित. माझा नवरा. कोळशाच्या उघड्या खाणीत डंपर चालवतो, म्हणजे चालवत होता. जानेवारीत रात्रपाळीला अपघात झाला तेव्हापासून घरी बसलाय. त्याला साधं खरचटलंसुद्धा नाही. खाणीतलं पाणी उपसायच्या पंपावर काम करणारा लटारू आपली कॅम्पर गाडी डंपरच्या उजव्या अंगाला लावून उभा होता, आणि त्या बाजूचं ऑपरेटरला वरून काही दिसत नाही. अश्वजितने डंपर पुढे घेतला, आणि लटारू गेला. वाईट झालं. माणूस गुणी होता, आमच्याकडे कितीदा जेवलेला. पण रीतसर चौकशी झाली, कॅम्पर चुकीच्या जागी उभी होती असं निघालं, अश्वजितवर ठपका आला नाही. मग आता याचं दुखतं काय? डॉक्टर म्हणतात, प्रकृती ठणठणीत. साहेब विचारतात, केव्हा येता. हा म्हणतो, "पाहू."

'पाहू' ऐकलं की माझं टाळकं सरकतं. जूनच्या सुरुवातीला डंपरवर परत बसला नाही तर ऑपरेटरच्या जागेवरून काढून याला साध्या मजुरीत टाकतील. कॉलनीतल्या झाडांना पाणी घालायला. मी जिल्हा परिषद शाळेतली बाई. रोज त्याच झाडांखालून शाळेत जाणार, आणि हा तिथे पाइप धरून उभा असणार. सत्तर-ऐंशी टनांचं धूड एका हाताने वळवणारा नवरा म्हणून मी याला आयुष्यभर मिरवलंय. ते काय यासाठी?

२४ एप्रिल

खुशबू नागपूरहून आली. एकवीस वर्षांची घोडी, ॲनिमेशन शिकते. मला वाटलं होतं, पोरगी आली म्हणजे बापाला दोन शब्द सुनावेल. हिने काय केलं? पिशवीतून पेन ड्राइव्ह काढला, टीव्हीला लावला आणि म्हणाली, "बाबा, हे पाहा. याच्यावर आमच्या सरांनी चार दिवस लेक्चर घेतलं. क्लासिक हाये."

मी पोळ्या टाकून पाहायला गेले. कार्टून! जपानी कार्टून. एक लोखंडी माणूस, पाण्याच्या टाकीपेक्षा उंच, आणि त्याच्या छातीत दार उघडून आत बसलेलं एक शेंबडं पोरगं. त्या लोखंडी माणसाचं नाव तेत्सुयामा, म्हणजे लोखंडाचा डोंगर. पोराचं नाव हारू. मालिका इतकी जुनी की चित्रांचे रंगही फिकटलेले. भाग किती, तर पन्नासच्या घरात.

"बावन्न वर्षांच्या मानसाले कार्टून दाखवून राह्यली काय तू?" मी विचारलं.

"पाह्यन्यासारखी हाये, आई. तू बी बस."

मी म्हणाले, माझ्या पोळ्या करपताहेत. करपल्याही.

४ मे

शाळेला सुट्टी लागली आणि मी या नरकात अडकले. बाहेर सेहेचाळीस. कूलर एकच, तो टीव्हीच्या खोलीत. म्हणजे गारवा हवा असेल तर जपानी लोकांची बडबड ऐकायची, नाहीतर स्वयंपाकघरात शिजायचं. मी शिजणं पत्करलं.

त्यात यांनी नवीन खेळ काढलाय. मालिका जपानीत, खाली इंग्रजी अक्षरं पळतात. अश्वजितला ती वाचायला जमत नाहीत. म्हणून खुशबू सगळ्यांचे आवाज आपल्या बोलीत काढते. तिथल्या खलनायकालाही 'काऊन रे' आणि 'कुठी चालला' म्हणायला लावते. आठवडाभर अश्वजितने मुकाट ऐकलं. परवापासून हाही बोलायला लागला. हारूचा आवाज हा देतो. बावन्न वर्षांचा गडी, चौदा वर्षांच्या पोराचा आवाज देतो, तोही पान खाल्लेल्या घशाने! खुशबू अर्थ पुटपुटते आणि हा मागून बोलतो. माझ्याशी दिवसभरात चार शब्द नाहीत. "मीठ." "पाहू." "हो." "नाई." आणि त्या डब्यासमोर पान पान भाषण.

डब्यातल्या लोकांची एक प्रमुख बाई आहे, पांढरा कोट घालते, हारूला सारखी "चढ! चढ!" म्हणून हुकूम सोडते. खुशबू तिला आवाज देते तो अगदी माझ्यासारखा. मुद्दाम देते. मी आतून भांडं आपटलं, तर दोघं हसली. अश्वजित हसल्याचं जानेवारीनंतर आज पहिल्यांदा ऐकलं. माझ्यावर हसायला मात्र याला येतं.

९ मे

आज माझा पोपट झाला. लिहायचीही लाज वाटते, पण इथे कोण वाचतंय.

दुपारी मी मनाचा हिय्या करून स्वयंपाकघरातूनच विचारलं, "अहो, मंगळवारी साहेबाले भेटाले जाता काय?" बाहेरून खणखणीत उत्तर आलं, "नाई!"

मी म्हणाले, "मंग बुधवारी?"

"नाई! नाई!"

मी हातातलं लाटणं घेऊनच बाहेर गेले. म्हणाले, खुशबूचे बाबा, मी काय तुमची मोलकरीण आहे का, असं वसकन अंगावर यायला? अश्वजित माझ्याकडे बघतच राहिला. खुशबू पोट धरून हसत होती. बोलत होता टीव्हीतला हारू.

"आई, जपानीत बी नाई म्हंजे नाईच असते. थो म्हनून राह्यला, नोरानाई. म्हंजे, बसत नाई. मी त्या यंत्रात बसत नाई."

वीस वर्षं मी पोरांच्या वह्यांमध्ये 'नाई' या शब्दावर लाल गोल करून समासात लिहिते आहे, 'नाही. नाई म्हणजे न्हावी.' आणि आता जपानी लोकही आमच्या झाडीपट्टीतल्यासारखं बोलतात! कुणाकुणाच्या वह्या तपासू?

अश्वजितला ते फार आवडलं. रात्री जेवतानाही तोंडातल्या तोंडात म्हणत होता, "नोरानाई." मी वाढलेला भात तसाच राहिला.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा

पहाटे खीर केली. पांढरी साडी नेसून विहारात गेले. अश्वजितची पांढरी कापडं इस्त्री करून खाटेवर ठेवली होती, ती तशीच राहिली. "तुमी जा, मी येतो," म्हणाला आणि आला नाही. वंदना चालू असताना माझं सगळं लक्ष दाराकडे. असल्या मनाने कसलं शील आणि कसली शांती.

विहारात लटारूची बायको नीलाबाई भेटली. तिचा गाव इथून जवळच. खाणीने तिला ऑफिसात कामाला घेतलंय, साडीवर बिल्ला लावून आली होती. मी विचारपूस केली. ती म्हणाली, "भाऊ नाई आले काय? येत जा म्हना घरी. मी काई बोलत नाई त्याईले." मी म्हणाले, बरं नाही त्यांना. खोटं बोलले, आणि त्याच्यामुळे बोलावं लागलं म्हणून परतताना जास्तच चिडले.

घरी येऊन सांगितलं, नीलाबाईने बोलावलंय. तो खीर खात होता. वाटी खाली ठेवली आणि अंगणात जाऊन उन्हात उभा राहिला. एवढ्या उन्हात! टोपीसुद्धा नाही. याला लक्ष वेधून घ्यायची हौस किती.

१५ मे

आज उष्म्याने हरले आणि कूलरपुढे जाऊन बसले. म्हणजे एक भाग पूर्ण पाहिला. दोघांनी मागचाच एक भाग पुन्हा लावला होता. न्यायाने लिहायचं तर चित्रं वाईट नाहीत. तो लोखंडी माणूस आपल्या सिनेमातल्यासारखा भराभर उड्या मारत नाही. एक पाऊल उचलायला त्याला वेळ लागतो. आधी गुडघा करकरतो, मग पाय वर येतो, मग सगळं थरथरतं. खुशबू म्हणाली, जुनी लोकं हे सगळं हाताने काढायची, म्हणून वजन जाणवतं. जाणवलं खरं. मला राग आला की जाणवलं.

गोष्ट अशी की लढाई जिंकून हारू परत निघतो. सगळे टाळ्या वाजवतात. खाली उतरल्यावर त्याला कळतं, वळताना यंत्राचा पाय एका घरावर पडला होता. घरात माणसं होती. वरून त्याला दिसलं नव्हतं. प्रमुख बाई म्हणते, तुझा दोष नाही. मोठे अधिकारी म्हणतात, दोष नाही. तो पोरगा त्या घराच्या जागी जाऊन बसतो आणि उठतच नाही. त्यानंतरच त्याचं ते 'नोरानाई' सुरू होतं.

मी म्हणाले, "दोष कसा नाई? त्यानं खाली पाह्याले पायजे होतं. डोळे कायले देल्ले? एवढं मोठं यंत्र चालवते तर पायाखाली कोन हाये एवढं बी पाहू नये मानसानं?"

खुशबूने माझा हात इतक्या जोरात दाबला की बांगडी रुतली. मी म्हणाले, काय झालं, कार्टूनच तर आहे.

अश्वजित उठून न्हाणीघरात गेला. नळ सोडला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. उन्हाळ्यात कॉलनीला पाणी दिवसाआड येतं आणि हा नळ सोडून बसतो. मी दार ठोठावून सांगितलं, बादली भरली असेल तर बंद करा.

खुशबू माझ्याशी बोलत नाही. दोघांचं गूळपीठ, मी मेली खलनायिका.

२१ मे

आजचा दिवस वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. सकाळी अकरालाच कॉलनीचा ट्रान्सफॉर्मर उडाला. लाईन नाही, कूलर नाही, पंखा नाही. डोक्यावर ओला टॉवेल घेऊन मी कैऱ्या किसत बसले. घाम कैऱ्यांत पडतो की काय असं झालं होतं.

आणि बाहेरच्या खोलीत बापलेकीचं आपलं नेहमीचं चालूच! लोकांचे जीव जाताहेत आणि यांचा हारू सुटत नाही. अश्वजितचा आवाज येत होता. आज हारू फारच रडका होता.

"मी चढतो बी गा," म्हणत होता. "चढन्याचं काई नाई. पन वर बसलो का मले खाली कोन हाये थे दिसत नाई. थो हाका मारत अशीन. हॉर्न वाजवला मी, त्याच्यातच त्याची हाक दबली अशीन. मले आयकूच आली नाई. आता इंजिन चालू झालं का मले वाटते, कोनी हाक मारून राह्यलं. मी बसत नाई. मले बसताच येत नाई."

आवाज चांगला काढला म्हणा. घोगरा, मध्येच अडकणारा. दंडारीच्या खेळात घ्यावा असा. त्यानंतर प्रमुख बाईचं बोलणं यायला हवं होतं, पण खुशबू काहीच बोलली नाही. तिची पाळी विसरली असेल.

मी आतून ओरडले, "बस झालं आता थे नाटक! हारूले म्हना, चूप बस. इथी मानसं मरून राह्यली उकाड्यानं!"

लगेच गप्प झाले. इतके गप्प की किसणीचा आवाज मला मोठा वाटायला लागला. संध्याकाळी लाईन आली, कूलर फिरला, तेव्हा कुठे जीवात जीव आला. खुशबूचे डोळे लाल झाले होते. म्हटलं, घाम डोळ्यांत गेला असेल, गार पाण्याने धू. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणी परकी बाई आहे.

२६ मे

साहेबांचा निरोप आला. दोन जूनला खाणीच्या यार्डात यायचं. खाली खाणीत नाही, वर मोकळ्या यार्डातच डंपर एक फेरी फिरवून दाखवायचा. दाखवला तर जुनी जागा कायम. नाही तर पाइप आणि झाडं.

अश्वजितचा जोडीदार बिरजू, त्याला मी घरी बोलावून घेतलं. तोही डंपरच चालवतो, दोघं एकाच पाळीत होते. अश्वजित बाजारात गेलेला पाहून त्याला दम भरला, त्या दिवशी सकाळी येऊन याला मोटरसायकलवर बसवायचं आणि न्यायचं. ऐकून घ्यायचं नाही.

बिरजू चहा फुंकत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, जबरदस्ती नोको करू. भाऊ रोज मले फोन करते. माही पाळी सुरू व्हायच्या आंगुदर. म्हनते, बिरजू, उजवीकडं उतरून पाहून घे. मी पाह्यलं म्हनलं तरी म्हनते, अजून एकडाव पाह्य."

"मंग? काळजी करते. चांगलंच हाये."

"रोज, वहिनी."

"तुले न्यायचं हाये का नाई, थे सांग."

"नेतो," म्हणाला. चहा अर्धा टाकून गेला.

आणि एक काम केलं. तो पेन ड्राइव्ह काढून तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी घातला. मालिकेचे शेवटचे दोन-तीन भाग राहिलेत म्हणे. राहू देत. त्या पोराच्या नादाने हा नाही म्हणायला शिकला. ते खूळ गेलं म्हणजे डोकं ठिकाणावर येईल.

२७ मे

शोधाशोध. मी वरण केलं नाही, पिठलं केलं.

३१ मे

आज भिंतीपलीकडचा टीव्ही पूर्ण बंदच झाला असेल. इतकं भांडण झालं.

सुरुवात मीच केली. अश्वजित म्हणाला, "साहेबाले सांगून देतो, माह्यानं होत नाई." मी म्हणाले, होत नाही म्हणजे काय? हातपाय आहेत ना? तो म्हणाला, "तुले सांगतलं ना मी." मी म्हणाले, केव्हा सांगितलं? चार महिने तोंडातून 'पाहू'शिवाय शब्द निघाला का? तो माझ्याकडे पाहत राहिला आणि मला त्या बघण्याचा संताप आला. आणि मी बोलून गेले.

"नीलाबाईचा नवरा मेला, तरी थे उभी राह्यली. बिल्ला लावून कामाले जाते. अन् तुमी जित्ते असून घरात बसून कार्टून पाह्यता! मेलं कोन नेमकं, लटारू का तुमी?"

खुशबू किंचाळली, "आई!"

 अश्वजित खाटेवर बसला, चपलांकडे पाहत. मग म्हणाला, "जातो सोमवारी." एवढंच. आणि अंगणात गेला.

मला वाटलं, जिंकले. तोवर खुशबू माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज अगदी हळू. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"त्यानं तुले सांगतलं होतं, आई. हाक आयकू येते, बसता येत नाई म्हनून. तू आतून ओरडली, हारूले चूप बसव म्हनून."

"थे तर तुमचं कार्टूनचं—"

"त्या दिवशी लाईन नोहती, आई."

मी म्हणाले, होती. ती म्हणाली, नव्हती, ट्रान्सफॉर्मर उडाला होता, टीव्ही बंद होता, बाबा पहिल्यांदा बोलत होते. मी म्हणाले, मग मोठ्याने बोलायचं, मला समोर बसवून बोलायचं, मी काय अंतर्ज्ञानी आहे? ती म्हणाली, "तुह्यासमोर कोन बोलन?" आणि आत निघून गेली.

कैऱ्या किसत होते. टॉवेल डोक्यावर होता. लाईन नव्हती. बरं, नव्हती. मग काय झालं? बोलून मन हलकं झालं असेल तर चांगलंच आहे. आता जातो म्हणालाय. स्वतःच्या तोंडाने म्हणालाय. मी काही त्याचे पाय बांधून पाठवत नाही.

झोप येत नाही.

२ जून, सोमवार

सकाळी बिरजू आला. अश्वजितने जुने बूट घातले. मी डबा दिला. त्याने घेतला. दारातून वळून पाहील असं वाटलं होतं, त्याने पाहिलं नाही. मी देव मानत नाही. नाही तर त्या वेळी काही तरी पुटपुटले असते.

दहाच्या सुमारास बिरजूचा फोन. "वहिनी, तयार राहा. न्याले येतो. भाऊ वर चढले, इंजिन चालू केलं, अन् आता ना चालवून राह्यले ना उतरून राह्यले. कोनी शिडीवर पाय ठेवला का ओरडते."

खुशबू चपला घालत होती. मी म्हणाले, तू थांब. का म्हणाले ते माहीत नाही. कदाचित तिने मला तिथे पाहू नये म्हणून. गेटवर डोक्याला हेल्मेट दिलं आणि आत सोडलं.

मी डंपर कधी इतक्या जवळून पाहिला नव्हता. मिरवला फक्त. यार्डाच्या मधोमध पिवळं धूड घुरघुरत उभं होतं. एकेका चाकाची उंची माझ्यापेक्षा जास्त. माणसं सगळी डाव्या बाजूला, शिडीपासून लांब घोळका करून उभी होती. वर काचेमागे अश्वजित. दोन्ही हात स्टिअरिंगवर, जसे काही चिकटवलेत. त्याला पाहिल्यावर मी काय केलं असेल? मी ओरडले, "उतरा खाली! लोकं पाहून राह्यले!" माझ्या तोंडून तेच निघालं. त्याही वेळी मला लोकच दिसत होते.

त्याने खिडकीतून मान काढली. माझ्याकडे पाहिलं, पण ओळखलं नसावं.

"उजवीकडं कोन हाये?"

सगळे एका आवाजात ओरडले, "कोनी नाई, भाऊ!"

"उजवीकडं कोन हाये?"

"अरे कोनी नाई! दस बार बोल दिया," साहेब म्हणाले. त्यांचा शर्ट घामाने भिजला होता. तेही वाईट माणूस नाहीत, पण त्यांना सुचत नव्हतं. बिरजू म्हणाला, "तासाभरापासून हेच विचारून राह्यले, वहिनी. आमी सांगतो, पन त्याईले पटत नाई."

मी उजवीकडे गेले. साहेब मागून ओरडले, मॅडम, तिकडे नाही. मी गेले. कुणी तिथे जाऊन पाहिलेलं दिसत नव्हतं, मला पाहायचं होतं.

तिथे कुणी नव्हतं. चाक होतं, आणि चाकावर लोखंड, आणि त्यावर नुसतं आभाळ. मी मान मोडेपर्यंत वर पाहिलं. केबिन दिसेना, काच दिसेना, माणूस दिसेना. इंजिनाची झळ तोंडावर येत होती. मी हाक मारली, "खुशबूचे बाबा!" माझी मलाच ऐकू आली नाही. पुन्हा मारली. घसा फाटेपर्यंत मारली. आणि मग मला कळलं, मी कुठे उभी आहे. लटारू इथेच होता. त्याने अशीच हाक मारली असेल, आणि वर बसलेल्याला एक शब्द पोहोचला नसेल. आता याने गिअर टाकला तर माझंही तेच होईल, आणि याला कळणारही नाही. मी घाबरले.  पळून जावंसं वाटत होतं आणि पाय हलत नव्हते. हलले असते तरी मी गेले असते का, आता सांगता येत नाही. मी चाकाला हात लावून उभी राहिले. ते तापलेलं होतं.

पलीकडून बिरजूचा आवाज आला, बारीक, तुटक. "भाऊ! वहिनी हाये तिकडं! उजवीकडं वहिनी हाये! चालवू नोका!"

इंजिन बंद झालं.

इतकी शांतता झाली की यार्डातल्या साळुंक्या ऐकू आल्या. मग वरून अश्वजितचा आवाज.

"कोन? तू हायेस काय तिथी?"

"मी हाये."

"बाजूले हो वो. तिथी उभी राहू नोको. मले दिसत नाई तिथचं."

"तुमी उतरा आंगुदर. मंग हटते."

 मग म्हणाला, "मी उतरतो. पन मंग बसत नाई. कधीच बसत नाई."

"नोका बसू," मी म्हणाले. त्याला ऐकू गेलं की नाही कळेना, म्हणून ओरडले. "नोका बसू! आयकलं काय? नोका बसू!"

शिडीवर बूट वाजले तेव्हा मी तिथून हलले. तो पाठमोरा उतरत होता, एकेक पायरी चाचपून. शेवटच्या पायरीवर थांबला, वाकून खाली पाहिलं, आणि मग जमिनीवर पाय टेकला. मी हात धरला. एवढ्या उन्हात हात थंडगार होता. मी रडले, मोठ्याने, साहेबांसमोर, सगळ्या पाळीसमोर. साहेब काहीतरी विचारायला पुढे आले. मी म्हणाले, साहेब, यांनी सांगितलंय ना, बसत नाही म्हणून. अजून किती वेळा सांगायचं माणसाने? माझ्या आवाजाने ते दोन पावलं मागे सरकले. राग अजून होताच माझ्या अंगात. फक्त कुणावर काढायचा ते समजत नव्हतं, आणि सगळ्यात जास्त कुणावर यायला हवा ते समजत होतं.

बिरजू म्हणाला, मोटरसायकलवर सोडतो. अश्वजित म्हणाला, पायी जातो. मीही पायीच निघाले. कॉलनीपर्यंत रस्ता लांब, सावली नाही, दोघांत एक रुमाल. गेटच्या बाहेर आल्यावर तो बोलायला लागला. त्या रात्रीचं. आधी अडखळत, मग सलग. मला मध्ये चार ठिकाणी बोलावंसं वाटलं. मी बोलले नाही. वाटेत एकदा थांबला, मीही थांबले. पुन्हा चालायला लागला, मीही लागले. क्वार्टरच्या दारापर्यंत तोच बोलत होता.

काय बोलला ते इथे लिहिणार नाही. ते त्याने मला सांगितलंय.